घरमालकांचे शाकाहारी मासे

लग्नानंतर आम्ही गंगापूर रोडला एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. माझे यजमान गावाबाहेर एका मत्स्यपालनाच्या तळ्यावर देखरेखीला होते. तेव्हा माशांच्या खाद्यात सुकटीचं, म्हणजे सुक्या मासळीचं, कूट घालत. तळ्यावर ठेवलं की कुत्री पोतं फाडायची, म्हणून ते आमच्या जिन्याखाली आलं.

दुसऱ्याच दिवशी घरमालक वर आले. घरात कांदासुद्धा न शिजवणारे गृहस्थ. नाकाला उपरणं लावून म्हणाले, "एक तर ते पोतं राहील, नाही तर तुम्ही."

यजमानांनी सुकटीऐवजी सोयाबीन घालून बघायचं ठरवलं. आमच्याकडे ते तेव्हा नवलाईचंच होतं. कच्चंच दळून त्यांनी ते शेंगदाण्याची पेंड आणि भाताच्या कोंड्यात मळलं. मासे खात, पण वाढेनात. मग कुणीतरी सांगितलं, सोयाबीन आधी भाजायला हवं. झालं! आमच्या नव्या संसारातली सगळ्यात मोठी कढई माशांच्या सेवेत रुजू झाली.

भाजण्याचा खमंग वास खाली गेला आणि घरमालक वाटी घेऊन हजर.

"काय करताय, सूनबाई?"

"माशांचं जेवण, काका."

त्यांनी मूठभर तोंडात टाकलं, डोळे मिटून चावलं आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

त्या दिवसापासून तळ्यातले मासे शाकाहारी झाल्याचं ते सगळ्या आळीला सांगू लागले. पाहुणे आले की त्यांना रिक्षात घालून मासे दाखवायला नेत. आषाढी एकादशीला तर त्यांनी उकडलेली रताळी पाठवली. यजमान म्हणाले, "काका, माशांना कसला उपास?" तर ते रागावले. "त्यांनी एवढं सोडलं, आणि तुम्हाला एक दिवस पाळता येत नाही?" यजमानांनी निमूटपणे रताळी कुस्करून टाकली. माशांनी ती आवडीने खाल्ली, हे खरं.

मोठे मासे बाजारात न्यायची वेळ आली तेव्हा काका हटून बसले. "शाकाहारी जीवाला खायचं?"

"काका, बकरीही शाकाहारीच असते की," मी बोलून गेले.  मासे बाजारात गेले, पण एक छोटा मासा काकांनी बादलीतून घरी आणला आणि मागच्या हौदात सोडला. रोज स्वतः त्याला भाजक्या सोयाबीनचं पीठ भरवायचे. आम्हीही मग हौदाचं पाणी सोडून नळाचं वेगळं भरू लागलो.

एका सकाळी ते घामाघूम होऊन वर आले. चेहरा पार उतरलेला.

"त्यानं डासाची अळी खाल्ली. मी डोळ्यांनी पाहिलं."

"लहान आहे तो," यजमान म्हणाले.

"एक नाही. तो सगळा हौद धुंडाळून खातोय. मी 'अरे, अरे' म्हणतोय, तरी!"

त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. संध्याकाळी यजमानांनी मासा बादलीत घालून तळ्यावर परत नेला. काका फाटकापर्यंत आले, पण बादलीत डोकावले नाहीत. तिथूनच त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "तळ्यातले बाकीचेही असंच करत असतील का हो?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघितलं.

"छे, छे, काका," ते म्हणाले, "तळ्यावरचे फार कडक पाळतात."