दुसरी प्रत

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता माझे मेहुणे गेले. बुधवारी ते माझ्या नातीचे कागद घेऊन मुंबईला जाणार होते.

जगात कुठेही, कुणालाही, कशातही मिळालेले गुण दुसऱ्या देशाच्या मापात अचूक बसवून देणारा माणूस पुण्यात एकच होता आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ होता, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल हे मला कळतं; पण ती फार मोठी होणार नाही. नोकरीची पस्तीस वर्षं त्यांनी इथल्या शिक्षणखात्याच्या एका कचेरीत, समकक्षता विभागात काढली. समकक्षता म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ते सांगत, "परगावचा शेर आपल्या मापट्यात ओतायचा आणि सांडू द्यायचा नाही." पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांची शाळेची प्रमाणपत्रं त्यांच्या टेबलावर येत. कुठल्या देशात विसापैकी गुण, कुठे नुसती अक्षरं, कुठे गुणांच्या जागी मुख्याध्यापकांचं पत्र. एकदा इराणहून आलेल्या एका मुलीच्या अर्जावर नव्या कारकुनाने 'सरासरी सतरा, नापास' असं लिहून तो परत पाठवायच्या गठ्ठ्यात टाकला होता. मेहुण्यांनी गठ्ठा उपसून तो अर्ज बाहेर काढला आणि कारकुनाला शांतपणे विचारलं, "घरी मुलाला एकशे दोन ताप आला, तर शंभरपैकी एकशे दोन मिळाले म्हणून पेढे वाटता का आपण?" ते सतरा विसापैकी होते. मुलीला प्रवेश मिळाला. ती पुढे कितीतरी वर्षं तिच्या देशाच्या नववर्षाला पिस्ते पाठवत असे, आणि मेहुणे ते आम्हाला मोजून देत. माणशी सतरा.

निवृत्तीनंतर प्रवाह उलटा फिरला. आता आपली मुलं बाहेर निघाली होती. बिबवेवाडीतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी दर रविवारी कुणाचे ना कुणाचे आईवडील फाइल छातीशी धरून बसलेले असत. मेहुणे त्यांच्याकडून एक पैसा घेत नसत. त्याऐवजी ते त्यांना बोलत, आणि ते जास्त महाग पडे. त्यांचं खास प्रेम जर्मनीच्या पद्धतीवर होतं, कारण तिथे एक हा सर्वांत चांगला गुण आणि चार म्हणजे जेमतेम पास. हिशेब ते तोंडी करत. जास्तीत जास्त गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला जास्तीत जास्त आणि पास यांच्यातल्या अंतराने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. सत्त्याऐंशी टक्के मिळवलेल्या एका मुलाच्या आईला त्यांनी सांगितलं की तिकडे याचे एक पॉइंट सहा होतात. त्या माउलीचा चेहरा उतरला. मग बाकीचे गेले कुठे, असं तिने अगदी कळवळून विचारलं. मेहुणे म्हणाले, "बाकीचे इथेच ठेवून जायचे असतात. विमानात तेवीस किलोच नेऊ देतात."

या सूत्रातली त्यांची आवडती संख्या शंभर नव्हती, पस्तीस होती. किती मिळाले हे कुणीही सांगतो, पण तुमच्याकडे पास कितीला आहे ते आधी सांगा, असा त्यांचा आग्रह असे. हा प्रश्न ते कुठेही विचारत. लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ आपल्या जावयाची थोरवी सांगत होते, तेव्हा मेहुण्यांनी ताटावरून मान न उचलता विचारलं, "जावई चांगलाच असणार. पण आपल्याकडे पास कितीला?" त्या गृहस्थांनी वाढप्याला हाक मारून मठ्ठा मागवला. घरात तर जर्मन पद्धतच लागू होती. वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या आमटीला त्यांनी पहिल्यांदा दीड गुण दिला तेव्हा वहिनींनी दोन दिवस अबोला धरला. दीड म्हणजे उत्तम, हे त्यांना एका रविवारच्या पाहुण्यांकडून कळलं. मग त्या विचारू लागल्या की एक का नाही. "एक दिला तर उद्या काय कराल?" एवढंच उत्तर त्यांना मिळत राहिलं.

माझी पत्नी गेल्यानंतर मेहुणे दर गुरुवारी बसने शनिवार पेठेत माझ्याकडे येऊ लागले. बहिणीबद्दल ते काही बोलत नसत आणि मीही बोलत नसे. मी एका महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळण्यात हयात घालवलेला माणूस. शांत बसण्याची मला सवय आहे. ते वर्तमानपत्र वाचत, मी पुस्तक वाची, आणि चार वाजता मी केलेला चहा ते पीत. "साडेतीन," ते कप खाली ठेवून म्हणत. "पास आहात भाऊजी, काळजी नको." पाच वर्षांत माझा चहा साडेतीनवरून तीनवर आला होता. मधल्या काळात एकदाच त्यांनी मला नापास केलं, पण त्या दिवशी तिचं वर्षश्राद्ध होतं आणि मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. तरी त्यांनी तो संपवला होता.

आता लॅमिनेशनबद्दल सांगितलं पाहिजे. मेहुण्यांचा जगात कुणावर राग असेल तर तो लॅमिनेशन करणाऱ्यांवर. कुठलाही कागद हातात आला की वाचण्याआधी ते त्यावर अंगठा फिरवून बघत. परदेशी जायचं तर मूळ कागदाच्या पाठीवर सरकारी शिक्का लागतो, आणि प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. शाई बोटाला लागून येते. प्लॅस्टिक सोलायला जावं तर अक्षरंही सोलून निघतात. आपल्याकडे मात्र मूल पास झालं की आईबापांचं प्रेम उतू जातं आणि ते पहिले लॅमिनेशनच्या दुकानात जातात. रडकुंडीला आलेले किती पालक मेहुण्यांनी पाहिले होते, त्याची गणती नाही. एका ओळखीच्यांच्या दिवाणखान्यात मुलाची गुणपत्रिका प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर टांगलेली पाहून ते चहा न घेता उठले होते. "गेलेल्या माणसाच्या तसबिरीसमोर मी फराळ करत नाही," म्हणाले. कागदाला श्वास घेऊ द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे सगळं मला पाठ होतं. आणि तरीही माझी नात सई बारावीला सत्त्याऐंशी टक्के मिळवून पास झाली, तिची गुणपत्रिका हातात आली, त्याच दुपारी मी ती लॅमिनेट करून आणली.

याचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. पत्नी गेल्यावर तिची ट्रंक आवरताना मला तिचं मॅट्रिकचं प्रमाणपत्र सापडलं होतं. त्याला कसर लागली होती. तिचं नाव होतं त्या जागी बारीक भोकांची जाळी उरली होती. हजारो पुस्तकं मी कसरीपासून वाचवली आणि माझ्या घरातला हा एक कागद मला वाचवता आला नव्हता. सईची गुणपत्रिका हातात घेतली तेव्हा मला फक्त ती जाळी दिसत होती. घरातले सगळे महत्त्वाचे कागद माझ्याकडेच असतात, त्यामुळे कुणाला कळलंही नाही. त्याच संध्याकाळी मी पेढे घेऊन बिबवेवाडीला गेलो. मेहुण्यांनी तिथल्या तिथे एक पॉइंट सहा असा निकाल सांगितला आणि दोन पेढे खाल्ले.

सईला जर्मनीत शिकायचं होतं. आपली बारावी तिकडे पुरी धरत नाहीत, आधी वर्षभराचा तयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो, हे मेहुण्यांनीच तिला समजावलं. ती भाषा शिकू लागली आणि मेहुणे तिची फाइल तयार करू लागले. कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही असं ते तिला बजावत, आणि मग तिच्यापुढे पाच-सहा कागद ठेवत, ज्यांवर ती न वाचता सह्या करी. मामाआजोबांचे कागद काय वाचायचे, असं तिचं म्हणणं. मला मात्र दर गुरुवारी चहा झाला की ते विचारत, "कागद कसा आहे?"

"ठीक आहे," मी म्हणे.

"श्वास घेतोय ना?"

"घेतोय."

मग ते माझ्याकडे चष्म्यावरून बघत आणि बस पकडायला उठत. दहा महिने हे चाललं होतं. शेवटच्या गुरुवारी तर ते दारात थबकून म्हणाले, "भाऊजी, काही सांगायचं राहिलंय का?" मी नाही म्हणालो. बुधवारी त्यांना त्या सरकारी शिक्क्यासाठी मुंबईला जायचं होतं. मंगळवारी सकाळी जाऊन सगळं कबूल करायचं असं मी ठरवलं होतं आणि चपला घालत होतो, तेव्हा फोन आला.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर मी वहिनींसमोर बसलो. तिकडच्या विद्यापीठात शिक्के मारलेले कागद पोचायला अठरा दिवस उरले होते. बोर्डाकडून गुणपत्रिकेची दुसरी प्रत मागवायची तर महिना तरी जातो, हे मला मेहुण्यांकडूनच ठाऊक होतं. सईचं एक वर्ष माझ्या हातून गेलं होतं आणि हे तिला सांगण्याआधी कुणाला तरी सांगणं भाग होतं. मी वहिनींना सगळं सांगितलं. दुकान, प्लॅस्टिक, दहा महिन्यांचं खोटं बोलणं, आणि ट्रंकेतलं ते प्रमाणपत्रही सांगितलं. त्या मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. माझं संपल्यावर त्या उठल्या आणि देवघराच्या खणातून एक किल्ली आणून त्यांनी माझ्या हातात दिली.

"हे म्हणाले होते, मी नसताना भाऊजी बोलले, तर त्यांना पुरतं बोलू द्या, मधे तोडू नका," त्या म्हणाल्या. "मग कपाट उघडून द्या. ऐन वेळेपर्यंत बोललेच नाहीत तर आपणहून द्या, पण तोवर वाट बघा."

कपाटात डाव्या हाताला सईच्या नावाची फाइल होती. तीत सगळ्यांत वर बोर्डाने दिलेली गुणपत्रिकेची दुसरी प्रत होती. मी तिच्यावर अंगठा फिरवला. कागद होता. खाली त्या प्रतीसाठी केलेल्या अर्जाची झेरॉक्स होती. सही सईची, बाकीचं अक्षर मेहुण्यांचं. तारीख मी पेढे नेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची. 'दुसरी प्रत मागण्याचे कारण' या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : 'मूळ प्रत आजोबांनी प्रेमाने लॅमिनेट केली.' आणि एका सरकारी कचेरीने ते कारण मंजूर केलं होतं.

त्यांना कसं कळलं, असं मी वहिनींना विचारलं. त्या दिवशी पेढ्यांच्या पिशवीतून प्लॅस्टिकचा कोपरा दिसत होता म्हणे. मी गुणपत्रिका दाखवून कबूल करायला नेली होती आणि त्यांच्या दारात पोचल्यावर माझा धीर सुटला होता. त्या खुर्चीत बसून मी बराच वेळ हसत होतो. तेरा दिवसांत पहिल्यांदा. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मग त्याही हसल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "बाकीचं सगळं त्याला ठाऊक होतं. पण बहिणीच्या ट्रंकेत काय होतं, ते त्याला कळायला हवं होतं." चाळीस वर्षांत नवऱ्याला एकेरी म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

मुंबईला मी गेलो. रांगेत तीन तास उभा होतो. खिडकीतल्या माणसाने कागद उलटा केला, त्याच्या पाठीवर अंगठा फिरवला आणि शिक्का मारला. शाई कागदात उतरली. कागद मुदतीच्या चार दिवस आधी पोचले, प्रवेशाचं पत्र दीड महिन्याने आलं. सईने ते मोठ्याने वाचून दाखवलं, त्यात तिचा गुण लिहिला होता : एक पॉइंट सहा. मेहुण्यांच्या तोंडी हिशेबात दशांशाचाही फरक नव्हता. त्या दिवशी मला बऱ्याच महिन्यांनी दुपारी झोप लागली.

गुरुवारी चार वाजता मी अजून चहा करतो. वहिनी येतात, पितात, गुण देत नाहीत. दुसरी प्रत सईजवळ आहे. पहिली माझ्या टेबलावर आहे. तिला कसर लागलेली नाही.