निंबाखालच्या बारा झोळ्या

माणसांकडून काम कसं करून घ्यावं हे आपल्याला चांगलं समजतं, असं मला वयाच्या तिसाव्या वर्षी वाटत असे.

तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेला कापूस मिळत नव्हता आणि अमरावतीजवळच्या आमच्या गावात जो तो कापसाच्या मागे लागला होता. मीही घरामागे बारा रेचे मांडले. रेचा हातानं फिरवायचा. इकडून कापूस घातला की तिकडून रुई निघते, सरकी मागे राहते. बारा रेच्यांवर बारा बाया बसवल्या आणि अमावास्येच्या आत तीस गठ्ठे रुई देतो, असा अकोल्याच्या अडत्याला निरोप धाडला. त्याचा उलट निरोप आला, "नसन जमत तर आत्ताच सांगा. अंजनगाववाले तयार हायेत." मी कळवलं, जमलंच समजा.

जमत नव्हतं. बायांची लेकरं सोबत असत. एक रडलं की त्याची आई उठे, आणि बाकीच्या अकरा जणी रेचे थांबवून सल्ला देत. ("पोट दुखत असन." "दृष्ट काढ वो.") मी कमरेवर हात ठेवून मागे उभा राहिलो. मला पाहून आणखी चार लेकरं रडली. दुसऱ्या दिवशी कामाला हुरूप यावा म्हणून सगळ्यांना गूळ-फुटाणे वाटले. चिकट हातांना रुई चिकटली आणि दुपारभर बाया बोटं सोलत बसल्या.

"त्यायले गूळ नोका देऊ," माझी बायको रुखमा म्हणाली, "लेकरं सांभाळाले माणूस द्या."

मी लगेच निंबाखाली बारा झोळ्या टांगल्या आणि माझ्या आत्याला तिथं बसवलं. आत्याला ऐकू कमी येई. तिच्या मते बाराही लेकरं गाढ झोपलेली होती. शेजारच्या गल्लीतले लोक विचारायला आले, तेव्हा आत्या म्हणाली, "हळू बोला. झोपले हायेत."

मग मी डोकं चालवलं. बाराही झोळ्या एका दोरानं जोडल्या. एक हिसका दिला की बारा झोळ्या हलत. दोर पायाच्या अंगठ्याला बांधून मी बाजेवर आडवा झालो. रेचे घुमत होते. ही युक्ती अमरावतीच्या व्यापाऱ्यांना शिकवावी की नाही, याचा मी विचार करत होतो.

तेवढ्यात बायांपैकी काशीचा दहा महिन्यांचा धिप्पाड पोरगा जागा झाला आणि झोळीत उभा राहिला. दोर ताणला गेला. मी बाजेवरून खाली आलो आणि बाकीची अकरा उठली. बाया धावणार, तोच रुखमा म्हणाली, "बसा वो. मालक हायेत न तिथं."

बाया बसल्या. त्या पुन्हा उठल्याच नाहीत.

मला अंगाईगीत येत नव्हतं. बैल हाकायचा आवाज तेवढा येत होता. तो लेकरांना फार आवडला. आवाज थांबला की बाराही जण रडत, म्हणून पुढचे सहा दिवस मी निंबाखाली "हो-हो, च्यक च्यक" करत दोर ओढत होतो. तिकडे बाया हसत-बोलत रेचे फिरवत होत्या. रुखमा कापूस देई, रुई मोजून घेई, गठ्ठे बांधून घेई. तिसावा गठ्ठा अमावास्येच्या दोन दिवस आधीच बांधून झाला.

माल पाहायला अडत्यानं आपला मुनीम पाठवला. त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं. मी धोतर खोचून, काशीच्या पोराला खांद्यावर घेऊन बैल हाकत होतो. तो माझ्यावरून सरळ रुखमाकडे गेला. रुई चिमटीत धरून पाहिली आणि खूश झाला.

"काम झकास हाये, बाई. बायाई खुशीत दिसतेत. आनं थो निंबाखालचा गडी लई कामाचा दिसते. आमाले देता का अकोल्याले? काय घेते थो?"

रुखमानं माझ्याकडे पाहिलं. आता ही माझी ओळख करून देईल म्हणून मी पोर सावरून जरा ताठ उभा राहिलो.

"काई नाई घेत जी," ती म्हणाली. "दोन वेळच्या जेवणावर हाये. पण भाजीले नावं लई ठेवते."

मी तिथल्या तिथं खुलासा करणार होतो. पण तोंड उघडलं ते बैल हाकायलाच, कारण तिसऱ्या झोळीत चुळबुळ सुरू झाली होती.