बाबा कोण, मामा कोण

काशीराम तळोज्याच्या एका कारखान्यात लागला त्याला तीन वर्षं झाली होती, आणि अंगाला बसलेला रसायनांचा उग्र वास काही केल्या जात नव्हता. आधी त्याला त्याचं काही वाटत नसे. मिठागरात राबलेल्या घरातला माणूस. महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो हेच खूप. पण त्र्याण्णव साली त्याची मुलगी दिपा बोलायला लागली आणि त्याच्या डोक्याला ताप सुरू झाला.

तिचा पहिला शब्द ‘बाबा’. काशीरामने आळीत पेढे वाटले. आठवड्याभरात पोर रॉकेलच्या स्टोव्हला बाबा म्हणाली. मग शेजाऱ्यांच्या नव्याने रंगवलेल्या दाराला. पनवेलच्या एस.टी. स्टँडवर एक सफाईवाला फिनेलची बादली घेऊन चालला होता, तर ही ‘बाबा, बाबा’ करत त्याच्या मागे धावली. काशीरामची बायको गोदू हे ज्याला त्याला हसून सांगायची. काशीरामला हसू येईना.

त्याने अंग घासायचा सपाटा लावला. लिंबू झालं, डाळीचं पीठ झालं, चंदनाचा साबण झाला. एका सुट्टीला दोनदा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो पोरीसमोर बसला. दिपा जवळ आली, तिने त्याला हुंगलं आणि म्हणाली, “मामा.”

मामा म्हणजे गोदूचा भाऊ अविनाश, उरणला शिवणकाम करायचा. त्याच्यावरून बिनवासाचा प्रत्येक पुरुष पोरीच्या लेखी मामाच.

काशीराम उखडला. घरात पोरीला कुणी काही शिकवत नाही, इथपासून सासुरवाडीपर्यंत सगळं बोलून झालं. गोदू भाकऱ्या थापत राहिली.

“तिचं काय चुकलं?” ती म्हणाली. “सा दिस तुमी तसेच येता. उजाडायच्या आत जाता, ती निजल्यावर येता. वळखायला तिच्याजवळ दुसरं हाय काय?”

तो आणखीच चिडला. मग शिकवणी सुरू झाली. स्टोव्हकडे बोट दाखवून, हा स्टोव्ह. छातीवर हात ठेवून, मी बाबा. पोर दोन्हीकडे पाहून गोड हसायची आणि दोघांनाही बाबा म्हणायची. चार दिवसांत मास्तरच थकला.

दोनेक महिन्यांनी तिघं पनवेलच्या बाजारात गेली. रंगाच्या दुकानापुढे दिपा थबकली. काशीरामने आधीच कपाळावर हात मारून घेतला. तिने दुकानाकडे पाहिलं, मग मान वर करून त्याच्याकडे.

“बाबा नाय,” ती म्हणाली. “बाबाचा वास.”

गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. गोदूने पदर तोंडाला लावला. आता गावभर हेच सांगत फिर, असं गोदूकडे पाहून पुटपुटत काशीरामने पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि तो भराभरा चालू लागला.