अर्ध्या तासाची सभा

आमच्या अध्यक्षांना रिकाम्या खुर्च्यांशी बोलायची सवय होती. दर रविवारी संध्याकाळी ते मंगळवार पेठेतल्या आपल्या घरात सात खुर्च्या मांडत आणि गंभीर चेहऱ्यानं जाहीर करत, "कोरम न्हाय. सभा तहकूब. अर्धा तास थांबूया." अर्ध्या तासानं तीच सभा कोरमशिवाय चालते, असा नियम आहे. ऐकायला मी एकटा, कारण मी चिटणीस होतो.

इतिहास मंडळ काढायचं त्यांना पत्नी, म्हणजे आमच्या काकू, गेल्यावर सुचलं. नोंदणीला सात जण लागतात, म्हणून गल्लीतला शिंपी, दूधवाला, खालचा भाडेकरू, ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. उद्घाटनाला मिसळ होती, त्यामुळे सगळे आले. पुढच्या रविवारी मिसळ नव्हती. मंडळाचा इतिहास तिथंच संपला, असं मी त्यांना चिडवायचो. ते हसायचे, पण खुर्च्या सातच मांडायचे.

मंडळाच्या हातून काम एकच झालं. मुरगूडच्या रस्त्यावरच्या एका वस्तीत आक्का नावाची म्हातारी ज्या दगडावर धुणं आपटायची, तो पालथा पडलेला वीरगळ निघाला. लढाईत मेलेल्या कुणाच्या तरी आठवणीसाठी कोरलेला. अध्यक्षांनी आक्काला धुण्यासाठी दुसरा दगड आणून दिला आणि हा धुऊन, पुसून उभा केला. पुढच्या खेपेला बघतो तर त्यावर शेंदूर. अध्यक्षांनी तो घासून काढला. पुन्हा शेंदूर, पुन्हा घासणं. शेवटी ते वैतागले. "आक्का, ह्यो देव न्हाय. मेलेला माणूस हाय."

आक्का वात वळत होती. तिनं मानही वर केली नाही.

"माणूस हुता तवा पालथाच पडलावता की. कोण आलतं बघायला? देव म्हटल्यावर रोज दिवा तरी लागतोय."

परतताना एसटीत अध्यक्षांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "चिटणीस, खरं सांगू? रविवारी घरात चार माणसं यावीत म्हणून मंडळ काढलंतं." एवढा विद्वान माणूस, पण त्या क्षणी मला त्यांची फार माया आली.

त्यानंतर त्यांनी शेंदूर घासला नाही. सभाच त्या दगडापाशी भरायला लागली. कोरमची घोषणा व्हायची, आक्का पदराआड हसायची आणि आमच्याबरोबर बसून राहायची.

यंदा दिवाळीच्या तोंडावर अध्यक्ष गेले. पुढच्या रविवारी मी एकटाच वस्तीवर गेलो. आक्कानं माझ्या मागं वाटेकडं पाहिलं.

"पावणं न्हाय आलं?"

मी सांगितलं. तिनं दिवा लावला, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मला तिथं बसवेना. मी उठलो, तशी तिनं माझी बाही धरली.

"थांबा की अर्धा तास. पावणं बी थांबायचं."