मोकळं नाव

दार उघडं टाकून शेजारी गप्पा मारायला गेले आणि चोरी झाली, अशी रड घेऊन कुणी आलं की कुलूपवाले काका त्याला आधी भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचायला लावत. 'आधी कुलूप, मग गप्पा.' मगच हत्याराला हात लावत.

अशा या काकांचा जीव चार दिवस थाऱ्यावर नव्हता. वेबसाइटसाठी नाव हवं होतं. छोटं, सोपं, एकदा ऐकलं की डोक्यात बसणारं. किल्ली घासता घासता त्यांना सुचलं, 'चावीकाका'. मुलीने लगेच तपासलं. नाव मोकळं होतं.

"घेऊन टाकू?"

"थांब गं, चार लोकांना विचारू दे."

चाराचे चाळीस झाले. समोरचा शिंपी, शेजारचा न्हावी, येईल ते गिऱ्हाईक, सगळ्यांनी मान डोलावली. तरी काका कानस खाली ठेवून पुन्हा रस्ता ओलांडायचे. "खरं सांग, बरं वाटतं ना?" शिंपी बिचारा तेच उत्तर देऊन थकला.

पाचव्या दिवशी काका म्हणाले, "घे बाई एकदाचं."

मुलीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नाव कालच कुणीतरी घेतलं होतं.

"कोण तो चोर?" काका कडाडले. "माझ्या नावावर डल्ला मारतो? त्याला सोडणार नाही मी!"

मुलीने भिंतीकडे बोट दाखवलं.

"वाचा, बाबा. मोठ्याने."