सगळ्यांसमोरची गोळी

रविवारी सकाळी व्यसनमुक्ती समितीची बैठक असायची. शेवाळे बाई आल्या की चहाला हात लावायच्या नाहीत. "चहा नंतर. आधी पाणी द्या," म्हणायच्या. मग पर्समधून गोळ्यांची पट्टी काढायच्या, एक गोळी फोडायच्या आणि सगळ्यांच्या देखत घशात टाकायच्या. नवा कार्यकर्ता असला तर तो हमखास विचारायचा, "बाई, गोळी कसली?"

"डोक्याची."

"डोकं दुखतं का?"

"दुखत नाही रे, बसतं. बसलं की उठत नाही. म्हणून रोज सकाळी त्याला ही लाच."

पोरगं ओशाळून हसायचं. समितीचे अध्यक्ष नाना मात्र कागद चाळायला लागायचे. एकदा ते न राहवून म्हणाले, "बाई, घरीच घेऊन येत जा ना. व्यसनमुक्तीचं व्यासपीठ आहे हे. लोकांत वेगळा संदेश जातो." बाई संतापल्या की सटाण्याच्या व्हायच्या, तोंडात अहिराणी यायची. "डोकं मनं शे, गोळी मनी शे, तुले काय करनं शे?" म्हणाल्या आणि लगेच शांतपणे शुद्ध मराठीत त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. ते मी अजून विसरलेली नाही. "नशा माणूस लपून करतो. औषधही लपूनच घ्यायचं म्हटलं, तर लोकांना फरक कळणार कसा?"

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. एका वर्षी त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि खडू उचलवेना. हात धड होता, खडू समोर होता, पण उचलावासा वाटेना. घरचे म्हणाले, थकवा आहे. सासरचे म्हणाले, नाटकं. शेवटी एका सहकारी शिक्षिकेने मानसोपचार डॉक्टरकडे नेलं. गोळीने फरक पडायला काही आठवडे लागले. "तेवढे दिवस मी डॉक्टरला मनातल्या मनात शिव्या दिल्या," बाई सांगायच्या. "मग एक दिवस मुलांवर ओरडले. तेव्हा कळलं, आले परत."

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत समिती कामगारांसाठी कार्यक्रम करायची. मी चळवळीच्या, पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायच्या आधी पत्रकाच्या घड्या घालायला शिकवत. पण बाईंनी मूठभर चिंचोक्यांत जे शिकवलं, ते कुठल्याच पत्रकात नव्हतं. त्या कामगारांना दोन रांगांत समोरासमोर उभं करायच्या. "या मेंदूतल्या पेशी. मधे फट. या रांगेने चिंचोके फेकायचे, त्या रांगेने झेलायचे. चिंचोका म्हणजे सेरोटोनिन. जे उरतील ते फेकणाऱ्यानेच उचलून परत खिशात घालायचे. मेंदूत असंच चालतं. माझी गोळी काय करते? उचलणाऱ्याचा हात धरते. चिंचोके फटीत जास्त वेळ राहतात. नवा चिंचोका ती बनवत नाही."

मग एखाद्याचा खिसा धरून त्या तो उलटा करायच्या. सगळे चिंचोके खळ्‌कन फरशीवर. "ही एमडी, ती नशेची पावडर! सेरोटोनिन, डोपामाइन, सगळं एकदम बाहेर. वाटतं दिवाळी आली. आता उद्याचा खिसा चाचपून बघ."

"बाई, खिसाच शिवून टाकला तर?" कुणीतरी ओरडायचं.

"तर तू दगड. बायको रोज तुझ्यावर धुणं आपटेल."

हशा पिकायचा. पण कुणी उत्साहाने "म्हणजे सेरोटोनिन कमी झालं की माणूस उदास" म्हणालं, तर बाई मार्क द्यायच्या नाहीत. "इतकं सोपं नाही ते. शास्त्रज्ञांचंच भांडण अजून मिटलेलं नाही. मला एवढंच ठाऊक, गोळी नव्हती तेव्हा खडू उचलवत नव्हता."

असल्याच एका कार्यक्रमात जयेश भेटला. अंबडला फिटर. सलग दोन पाळ्या करता याव्यात म्हणून त्याने एमडी सुरू केली, आणि मग एमडीसाठीच तो पाळ्या करू लागला. बाईंनी त्याला उपचार केंद्रात पोचवलं. तो सुटला. पण सुटल्यावर त्याचं डोकं बसलं. बाईंना ती लक्षणं पाठ होती. त्यांच्याच डॉक्टरने त्याला गोळी सुरू केली. तो कामावर परतला आणि समितीत सतरंज्याही अंथरू लागला.

दरवर्षी होळीला आमची समिती गोदाकाठी व्यसनांची होळी करते. लोक पुढे येतात, गुटख्याच्या पुड्या, विड्यांची बंडलं जाळात टाकतात, टाळ्या पडतात. त्या दिवशीच्या पत्रकावर नानांचं एक लाडकं वाक्य असायचं: "मेंदूवर चालणारं प्रत्येक रसायन ही बेडी आहे." बाई दरवर्षी कच्च्या प्रतीत ते लाल पेनाने खोडायच्या. नाना दरवर्षी ते परत घालायचे.

त्या वर्षी नानांनी तेच वाक्य माईकवरून गर्जून म्हटलं. जाळ भडकला होता, ढोल वाजत होता. जयेश पुढे आला, शर्टाच्या खिशातून त्याने गोळ्यांची पट्टी काढली आणि जाळात भिरकावली. कडाडून टाळ्या. नानांनी त्याला मिठी मारली.

बाई गर्दीतून आल्या. काठीने त्यांनी पट्टी ओढून काढली, पण ती वितळली होती. "टाळ्या कशाच्या वाजवताय? औषध जळलं त्याचं!"

नाना हसत माईकवर म्हणाले, "बाई, तुमचीही टाकून द्या. चांगला मुहूर्त आहे."

लोक हसले. बाईंनी पर्स उघडली, पट्टी काढली. ढोल थांबला. सगळ्यांना वाटलं, टाकणार. बाईंनी त्या दिवशीची गोळी मुद्दाम राखून ठेवली होती की काय, कोण जाणे. त्यांनी ती फोडली आणि पाण्याविना गिळली.

"वाजवा आता," त्या म्हणाल्या.

कुणी वाजवल्या नाहीत. पुढच्याच बैठकीत समितीच्या प्रतिमेच्या नावाखाली बाईंना काढलं. मी भांडले. नाना म्हणाले, "तू लहान आहेस." समितीत हाही युक्तिवाद समजला जातो.

जयेशचा मिठीतला फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलं होतं, संपूर्ण मुक्त. असा फोटो फिरल्यावर पुन्हा गोळी कशी घेणार? बाई त्याच्या घरी गेल्या, तर त्याची आई म्हणाली, "आता नको हो बाई. मोठ्या माणसांनी सांगितलंय." गोळी अशी एकदम तोडायची नसते, डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करायची असते, हे बाईंनी दारात उभं राहून समजावलं. जयेशला गरगरायला लागलं, झोप गेली, मग तो पुन्हा अंथरुणात गेला आणि शेवटी पुन्हा एमडीकडे. समितीने काय केलं? ग्रुपवरून फोटो काढून टाकला.

बाई मात्र जात राहिल्या. आईने चहा विचारणं बंद केलं तरी जात राहिल्या. शेवटी एका सकाळी त्याला रिक्षात घालून पुन्हा त्याच डॉक्टरकडे त्यांनी नेलं. वाटेत फक्त एवढंच म्हणाल्या, "खिसा पुन्हा भरतो रे. वेळ लागतो."

या वर्षी बाई हृदयविकाराने गेल्या. "गोळ्यांनीच गेल्या," अशी कुजबूज समितीतूनच निघाली. आणि त्याच समितीने शोकसभा ठेवली! दारात पत्रक हातात आलं. वर बाईंचा हसरा फोटो. त्याखाली ठळक अक्षरांत: "मेंदूवर चालणारं प्रत्येक रसायन ही बेडी आहे."

नाना बोलायला उभे राहिले. "बाई निर्व्यसनी जगल्या. आणि सांगायला अभिमान वाटतो, शेवटी शेवटी त्यांनी त्या गोळ्याही सोडल्या होत्या."

मी उठणार तोच मागच्या रांगेतून जयेश उठला. सरळ व्यासपीठाशी गेला. खिशातून त्याने पट्टी काढली.

"नाना, पाणी द्या जरा."

नानांपुढे भरलेला ग्लास होता. सगळं सभागृह बघत होतं. त्यांना तो द्यावा लागला. जयेशने गोळी तोंडात टाकली, ग्लास रिकामा केला आणि बाईंच्या फोटोसमोर ठेवला.

"बाईंनी सोडली नव्हती," तो म्हणाला. "त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही सोबतच घेतली."