तीन तारखेची पावती

सत्तेचाळीस नंबरचं टोकन पुकारलं आणि खिडकीशी माझी सख्खी आत्या येऊन उभी राहिली. भाडेकरूंच्या तक्रारी घेता घेता मला या खिडकीत सोळा वर्षं झाली. आत्या कधीही मागच्या दाराने आत आली असती तरी शिपायाने अडवलं नसतं. पण ती परक्यासारखी सव्वा तास बाकावर बसून राहिली, आणि नंबर आल्यावर कागद आत सरकवत हळूच म्हणाली, "खोली खाली करा म्हणतायत रे."

मला आधी रागच आला. घरात वैद्य असताना माणूस दुखणं लपवतं, तसली ही तऱ्हा.

आत्या रफूचं काम करते. सिगारेटने जळलेला कोट असो की उंदराने कुरतडलेली शाल, तिच्या हातून गेल्यावर फाटलं कुठे होतं ते गिऱ्हाइकालाच सापडत नाही. सव्वीस वर्षं तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच खोलीत, त्याच खिडकीपाशी ती बसते, कारण तिथे दिवसभर ऊन न येता उजेड येतो आणि काळ्यावर काळा धागा दिसतो. दुसरीकडे गेली तर तिचे डोळे सहा महिनेही टिकायचे नाहीत. शिवाय त्या खोलीत आतोबांचं सगळं होतं, त्यांच्या तेलकट डोक्याचा भिंतीवरचा डागसुद्धा. तो डाग पुसायला ती कुणाला हात लावू देत नाही.

भाडं एक तारखेला, सकाळी दहाच्या आत. इमारतीत तिचं नावच 'एक तारीख' पडलं होतं. ती पर्स घेऊन जिना उतरताना दिसली की बाकी बिऱ्हाडं भाड्याची जुळवाजुळव करायला लागायची.

आतोबा नेमके उलटे. बेकरीत भट्टीवर कामाला, आणि जन्माचे लेटलतीफ. स्वतःच्या लग्नालाही पाऊण तास उशिरा पोचले होते. आत्या त्यावरून त्यांना रोज घालूनपाडून बोलायची आणि ते हसत राहायचे. भांडल्याशिवाय दोघांना घास गोड लागत नसे.

गेल्या वर्षी महिनाअखेरीला आतोबांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. आत्या खाटेजवळून हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिची एक तारीख चुकली. भाडं तिने तीन तारखेला दुपारी भरलं, आणि त्याच दुपारी आतोबा गेले.

मालकाच्या कारकुनाने त्या पावतीवर 'उशिरा' असा शिक्का मारला आणि दंड लावला. पुढच्या महिन्यात आत्याने एक तारखेला पूर्ण भाडं नेऊन दिलं. त्याने त्यातून आधी दंड वळता केला, उरलेलं भाडं म्हणून घेतलं, आणि भाडं कमी पडलं म्हणून पुन्हा दंड लावला. असं अकरा महिने चाललं. बाई दर महिन्याला वेळेवर पैसे भरत होती आणि दर महिन्याला थकबाकीदार ठरत होती. शेवटी नोटीस आली.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"उशीर माझा झाला होता ना. कुठल्या तोंडाने सांगणार? तुझे वडील म्हणायचे, ताईच्या तारखेवर घड्याळ लावावं."

मी तिचा करार काढून वाचला. सव्वीस वर्षांपूर्वीचा, एक पानी. त्यात दंडाचा एक शब्द नव्हता. करारात लिहिलेला नसेल तर दंड लागत नाही. लिहिलेला असला तरी भाड्याच्या तारखेनंतर पुरे चार दिवस उलटल्याशिवाय लागत नाही. भाड्यातून दंड कापता येत नाही, आणि दंडावर दंड तर नाहीच नाही. हे मी दिवसातून वीसदा लोकांना सांगतो, इतकं की घशाला कोरड पडते. माझ्याच आत्यापर्यंत ते पोचलं नव्हतं, याची मला आजही शरम वाटते.

अर्ज मी शेजारच्या खिडकीतल्या सहकाऱ्याकडून पुढे पाठवला, नात्याचं बालंट नको म्हणून. सुनावणी वीस मिनिटांत संपली. अधिकारीबाईंनी कारकुनाची अशी काही हजेरी घेतली की तो पाणी मागायला लागला. नोटीस रद्द, कापलेला पैसा परत, खोली आत्याची. मी खुशीत होतो. बाहेर आल्यावर म्हणालो, "चल, चहा घेऊ."

आत्या तिथेच उभी होती. "त्या बाई चार दिवसांचं काय म्हणाल्या?"

मी सवयीने सांगून टाकलं, "एक तारखेचं भाडं पाच तारखेपर्यंत भरलं तरी तो उशीर धरत नाहीत."

"पहिल्यापासून असंच आहे?"

"हो. फार वर्षांपासून."

ती भिंतीला धरून बाकावर बसली. "त्या दिवशी दुपारी त्यांनी माझा पदर धरला होता," ती म्हणाली. "म्हणाले, उद्या जा, आज बस इथे. मी म्हटलं, तुमच्यासारखा आळशीपणा मला नाही जमत. आणि पदर सोडवून घेतला. परत आले तर आया चादर बदलत होती."

मी खोटं बोलायला हवं होतं. नियम नवीन आहे, यंदाच झालाय, असं काहीही सांगता आलं असतं. आता त्याला उशीर झाला होता.

"म्हणजे मी उद्या गेले असते तरी चाललं असतं," ती म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली. आत्या रडली नाही. मी तिला खोलीवर सोडायला गेलो, तर तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिने किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू उघड. मला आत जायचं नाही."